‘सुधारणा आवश्यक’ या रकान्याबद्दल वर्गशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातले सर्व वर्गशिक्षक, प्राथमिक आणि माध्यमिक

गुरुजी, बाई, सर, मॅडम, नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या समोरच, माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एप्रिलमध्ये लग्नसराई आणि निकाल एकदमच येतात. एका कॉम्प्युटरपाशी नवऱ्यामुलाकडची मंडळी पत्रिकेचं प्रूफ बघत असतात, दुसऱ्याला तुमचा पेन ड्राइव्ह लागलेला असतो. त्यात ‘वर्णनात्मक नोंदी’ नावाची फाइल असते. कुणीतरी कधीतरी तयार केलेली, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमधून फिरत तुमच्यापर्यंत आलेली. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने आणि प्रत्येकाखाली पन्नास-साठ तयार वाक्यं. १ मेला निकाल द्यायचा असतो, पट चाळीसच्या वर असतो. तुम्ही म्हणता, “ताई, एक नंबरला पहिलं वाक्य टाका, दोनला दुसरं. संपली की परत वरनं सुरू करा.”

मी टाकते. पानामागे पैसे घेते.

एका एप्रिलमध्ये असंच टाकत असताना सतरा नंबरच्या नावापुढे ‘लक्ष लवकर विचलित होते’ आलं. माझा हात थांबला. मी सरांना विचारलं, हा मुलगा खरंच असा आहे का? सर हसले. म्हणाले, “छे, तो तर तासभर एका जागी बसतो. असा आहे तो एकतीस नंबर.” एकतीसला ‘पाढे पाठांतराचा सराव हवा’ आलं होतं. मी दोघांची अदलाबदल केली, सरांनी चहा मागवला, काम पुढे गेलं. पण तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. लिहायला वर्ष लागलं. का लागलं ते पुढे कळेल.

२०२२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मला एडीएचडी असल्याचं निदान झालं. म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं, स्वतःला आवरणं लहानपणापासून जड जातं तो विकार. मी गेले होते मुलासाठी. तो तेव्हा दुसरीत होता आणि दर आठवड्याला एक पाण्याची बाटली शाळेला दान करत होता. त्याच्याबद्दल डॉक्टर एकेक प्रश्न विचारत गेले आणि मी उत्तरं देता देता घाबरत गेले, कारण त्यातलं निम्मं मी माझ्याबद्दल सांगत होते. पुढच्या खेपेला ते म्हणाले, “तुमचीही तपासणी करू. पण त्याला पुरावा लागेल. ही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असली पाहिजेत. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आहेत का?”

हा बाराव्या वर्षाचा नियम २०१३ पासूनचा, जगभरातले डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन मनोविकार पुस्तिकेतला. त्याआधी ही अट सातव्या वर्षाची होती. म्हणजे सातच्या आत कुणाच्या डोळ्यांत न भरलेली, खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी तेव्हाच्या नियमाने सुटायची.

प्रगतिपुस्तकं होती. मी स्वतःचं आधारकार्ड दोनदा हरवलेलं आहे, पण आईच्या लोखंडी ट्रंकेत, साडीच्या पिशवीत, माझी पहिली ते दहावीची दहाही प्रगतिपुस्तकं नीट बांधून ठेवलेली निघाली. १९९२ ते २००२. आमच्या वेळी वर्णनात्मक नोंदी नव्हत्या. सहामाही आणि वार्षिकच्या खाली ‘शेरा’ नावाचा बोटभर रकाना असायचा. मी ते ओळीने वाचले.

पहिली: चुणचुणीत, बडबडी. दुसरी: हुशार आहे, वस्तू हरवते. तिसरी: वर्गात लक्ष नसते. चौथी: धांदरट, अक्षर सुधारावे. पाचवी: वह्या अपूर्ण, पालकांनी भेटावे. सातवी: क्षमता आहे, प्रयत्न नाहीत. आठवी: गृहपाठ अनियमित.

सहावी मुद्दाम वगळली आहे, तिच्याकडे येते.

सहा शिक्षकांनी सात वर्षांत तीच मुलगी पाहिली आणि तेच लिहिलं. डॉक्टरांना जे शोधायला दोन-तीन भेटी लागतात ते माझ्या शाळेने निळ्या शाईत लिहून ठेवलं होतं, शिक्क्यासकट. फक्त दरवर्षी नवे सर नवं प्रगतिपुस्तक उघडायचे. मागचं पान कुणी वाचलं नाही. आणि प्रत्येक शेऱ्याचा घरी जाऊन एकच अर्थ व्हायचा: मार.

आता या शेऱ्यांच्या आतून काय दिसायचं ते सांगते, कारण तुमच्या वर्गातला एकतीस नंबर हे सांगू शकणार नाही. त्याला अजून शब्द नाहीत. मला छत्तीस वर्षं लागली.

‘लक्ष नसते’ हे खरं नाही. लक्ष भरपूर असतं. बैलगाडी आहे, बैल दांडगे आहेत, पण कासरा हातात नाही, तशी गत. बाई ‘नदीचे कार्य’ शिकवत असायच्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनेवर असायचं, मग पिनेवरून आजीच्या नऊवारीवर, तिथून थेट आजोळच्या विहिरीवर. परत येईपर्यंत नदी समुद्राला मिळालेली असायची. आणि हीच मी, विहिरीतल्या कासवावर गोष्ट लिहायला बसले की जेवायला हाक मारलेली ऐकू यायची नाही. मग घरचे म्हणायचे, बघा, मनात आणलं तर होतं हिला. ‘मनात आणलं तर’ या तीन शब्दांनी माझं जितकं नुकसान केलं तितकं छडीने केलं नाही. जे मनात आणून होत नाही, ते होत नाही म्हणजे मनातच खोट आहे, असं सात-आठ वर्षांच्या पोरीने समजायचं, दुसरं काय?

प्रयत्न नाहीत म्हणता? वही उघडायची आहे हे ठरवणं आणि वही उघडणं यांच्यामध्ये मला रोज एक खंदक लागतो. आजही लागतो. हे पत्र त्या खंदकात अकरा महिने पडून होतं.

आठवीत मी वर्गाची मॉनिटर होते. (हुशार मुलीला जबाबदारी दिली की ती सुधारते, हा एक लाडका प्रयोग आहे.) परीक्षा फीचे पैसे गोळा करून ऑफिसात द्यायचे होते. तीनशे चाळीस रुपये. मी ते हरवले. सगळ्या वर्गासमोर माझं दप्तर बाकावर उपडं केलं गेलं. त्यातून काय काय पडलं ते सांगत नाही, पण मुलं हसली. वडिलांनी पैसे भरले. दिवाळीच्या सुट्टीत ते तीनशे चाळीस रुपये माझ्याच भूगोलाच्या पुस्तकात सापडले, ‘वाऱ्यांचे प्रकार’ या धड्यात. मी नीट ठेवले होते आणि ठेवलेलं विसरले होते. घरी सांगायची छाती झाली नाही. ते पैसे मी वर्षभर तसेच सांभाळले आणि मग देवळाच्या पेटीत टाकले.

त्यानंतर मी बदलले. शाळेच्या वाटेवर दर शंभर पावलांवर दप्तराचा कप्पा चाचपायचे. रात्री साडेतीनला उठून वह्या मोजायचे. दर सोमवारी प्रार्थनेच्या आधी पोटात कळ यायची. ती नाटकी नव्हती. वर्गात तोंड उघडलं नाही तर चूक होत नाही हे कळलं, म्हणून तोंड बंद केलं. मला लक्षात राहत नव्हतं म्हणून मी भीतीला कामाला लावलं. जे आठवत नाही ते भीती आठवून द्यायची. मोबदला म्हणून ती झोप घ्यायची.

आता माझे पुढचे दोन शेरे वाचा. नववी: शांत झाली आहे, लक्षणीय सुधारणा. दहावी: समंजस, अबोल, गुणी विद्यार्थिनी.

गुरुजी, माझा आजार दुप्पट झाला त्या वर्षी मला चांगला शेरा मिळाला. दहावीला ७१ टक्के पडले. घरात पेढे वाटले. माझ्या उजव्या हाताच्या नखांतून तेव्हा रक्त येत होतं.

एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांना चिंतेचा विकारही असतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं ते उरलेल्या निम्म्यांचं. ते कसे वाचले असतील? वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ ‘तुझं काहीतरी राहिलंय’ हे खरंच ठरत गेलं तर काळीज धडधडायला शिकणारच.

पुढचं पटकन सांगते. बी.कॉम.ला एटीकेटी, मग सोडलं. कॉम्प्युटर क्लास लावला, तिथे श्री-लिपी आणि पेजमेकर या मराठी टायपिंगच्या आणि पानं मांडायच्या सॉफ्टवेअरांनी मला धरून ठेवलं, कारण पडद्यावर लगेच काहीतरी घडतं. लग्न झालं. गॅसवर भात करपणं, वीजबिलाचा दंड, गाडीची किल्ली गाडीलाच. २०१४ साली छातीत धडधड वाढली म्हणून एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी चिंतेवरच्या गोळ्या दिल्या. धडधड थांबली, झोप लागली आणि दोन महिन्यांत दुकान बुडायला आलं. कारण आता मी प्रूफ पाच वेळा तपासत नव्हते. एका पत्रिकेत मागच्या पत्रिकेतल्या चि. सौ. कां.चं आडनाव तसंच राहिलं. पाचशे पत्रिका वाटायला गेल्यावर मुलीच्या मामाच्या लक्षात आलं. मामा दुकानात येऊन काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं. त्या डॉक्टरांचंही चूक नव्हतं. त्यांनी जो आजार दिसत होता त्यावर औषध दिलं. भीतीचं झाकण निघालं आणि खालचं उघडं पडलं, इतकंच. मी गोळ्या आपणहून बंद केल्या आणि भीतीला परत कामावर घेतलं.

आता उपचार चालू आहेत. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत आहे. दोन प्रतींत चिठ्ठी लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि ते ठेवायला वेगळा परवाना लागत असल्याने ते दर मेडिकलमध्ये मिळत नाही. विसरभोळ्या माणसाचं औषध इतक्या कागदांत गुंडाळलेलं आहे. दोन प्रतींचा धंदा माझाच, तरी मी दोनदा चिठ्ठी घरी विसरून शहरापर्यंत एसटीने जाऊन आले आहे. गोळीने मी काही वेगळी बाई झाले नाही. खंदक तोच आहे, रुंदी कमी झाली. प्रूफ मी अजूनही पाच वेळा बघते. समुपदेशक मॅडमच्या मते आता तीनवर यायला हरकत नाही.

एवढं माझं. आता तुमच्याकडे.

तुमच्या शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. मुलं रांगेत उभी राहतात. दात, डोळे, कान, वजन, उंची. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात तपासायच्या तीस बाबींची यादी आहे. त्यात एकोणतिसाव्या क्रमांकावर काय आहे ठाऊक आहे? एडीएचडी. हो, सरकारच्याच यादीत. अठ्ठाविसावा अध्ययन विकार, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण, आणि एकोणतिसावा हा. पथक जे शोधेल त्याला जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी या मुलांच्या पुढच्या तपासणी-उपचाराच्या केंद्राकडे पाठवायची सोयही कागदावर आहे.

पण दात दोन मिनिटांत दिसतात, हे दिसत नाही. अनोळखी डॉक्टरांसमोर एकतीस नंबर दोन मिनिटं अगदी शहाण्यासारखा उभा राहील. नवीन जागा, नवीन माणसं, गळ्यात स्टेथोस्कोप. त्याचं लक्ष तिथे शंभर टक्के असणार. ज्यांनी त्याला जूनपासून पाहिलंय ते म्हणजे तुम्ही. एकोणतिसावी बाब त्या पथकाला दिसायची असेल तर ती तुमच्या नोंदीतूनच दिसेल. आणि तुमची नोंद माझ्या दुकानात वरून खाली क्रमाने चिकटवली जाते.

तुम्हाला दोष देऊन मोकळं व्हायला हे पत्र नाही. मी तुम्हाला बघते ना रोज समोरून. मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती ‘आजच्या आज’, त्यात दोन वर्ग एका शिक्षकाकडे. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा कल्पना चांगली होती: मुलाला आकड्यापलीकडे बघा, रोज काय दिसतं ते लिहा. पण चाळीस मुलांच्या सगळ्या विषयांच्या नोंदी मनापासून लिहायला तुम्हाला वेळ कुणी दिला? कुणी नाही. म्हणून फाइल फिरते. मी तुमच्या जागी असते तर मीही फिरवली असती. बहुधा हरवलीही असती.

म्हणून सगळ्या चाळिसांचं मागत नाही. जगभरच्या अभ्यासांतून मुलांमधलं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास निघतं. म्हणजे चाळिसांत दोन. त्या दोघांना तुम्ही मनातून ओळखता. सरांनी एकतीस नंबर एका सेकंदात सांगितला होता! तेवढ्या दोघा-तिघांच्या नोंदी स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि लिहिण्याआधी मागच्या दोन वर्षांच्या नोंदी काढून बघा. तेच तेच दिसलं तर त्या तिन्ही पानांची झेरॉक्स पथकाच्या डॉक्टरांच्या हातात द्या. निदान तुम्ही करू नका. ‘याला एडीएचडी आहे’ असं पालकांना सांगू तर अजिबात नका. चंचलपणा उपाशीपोटीही येतो, कानाने कमी ऐकू येत असलं तरी येतो, घरात रोज भांडणं होत असली तरी येतो. ते डॉक्टरांनी वेगळं करायचं.

आणि ज्या मुलीबद्दल तुम्हाला काहीच आठवत नाही, तिच्याकडे एकदा बघा. शांत, समंजस, अबोल. खोडरबराने खोडून खोडून भोक पडलेलं पान. आधी बडबडी होती आणि आता नाही, असं मागच्या नोंदीत दिसलं तर ती सुधारणा आहे असं समजण्याआधी तिला विचारा, रात्री झोप लागते का.

परीक्षेतल्या सवलतींचं विचाराल, तर त्याचं उत्तर मला सांगवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सात होते. एकविसांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडी नावानिशी नाही. म्हणजे आरोग्य खात्याची यादी म्हणते शोधा, आणि शोधून सापडलेलं मूल प्रमाणपत्राच्या खिडकीवर गेलं की तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं. सोबत अध्ययन अक्षमताही निघाली तर त्या दाराने जादा वेळ मिळतो; नुसता एडीएचडी असेल तर बहुतेकदा हात हलवत परत. हे तुम्ही बदलू शकत नाही. पण तुमच्या संघटनांचे मोर्चे मंत्रालयापर्यंत जातात, आमचे जात नाहीत. पेन्शनच्या मागणीखाली एक ओळ हीही टाकता येईल.

आता सहावीचं सांगते.

सहावीला आम्हाला गणिताला एक सर होते. कडक होते, प्रेमळबिमळ अजिबात नव्हते, मी त्यांच्याही हातच्या छड्या खाल्ल्या आहेत. त्यांचा शेरा असा आहे: ‘रीत बरोबर असते. फळ्यावरून उदाहरण उतरवताना आकडे चुकतात. पुस्तकातून सोडवू द्यावे.’ रकान्यात मावला नाही म्हणून शेवटचे दोन शब्द समासात उभे लिहिले आहेत.

डॉक्टरांनी दहाही प्रगतिपुस्तकं चाळली आणि पेन्सिलने याच एका शेऱ्याखाली रेघ ओढली. म्हणाले, “हे ज्यांनी लिहिलं त्यांनी बघितलंय.” हुशार, चंचल, धांदरट यांवरून त्यांना काही ठरवता येत नव्हतं; तसं कुणीही कुणाला म्हणतं. या शेऱ्यात काय होतं, कुठे होतं, आणि काय केलं की होत नाही, तिन्ही होतं. त्या वर्षी मला गणितात ८८ पडले होते. सातवीत सर बदलले, उदाहरणं परत फळ्यावर गेली, ५४.

सर आता नाहीत. असते तर प्रगतिपुस्तक घेऊन गेले असते, आणि बहुतेक वाटेत एसटीत विसरले असते.

एप्रिल जवळ आलाय. फाइल घेऊन या, नेहमीसारखी क्रमाने टाकून देईन, दर तोच. पण तुमच्या हाताने लिहिलेल्या दोन-तीन नोंदी सोबत आणल्यात, काय होतं, कुठे होतं, कशाने होत नाही अशा, तर तेवढ्या मी स्वतः टाइप करून देईन आणि त्यांचे पैसे घेणार नाही. अक्षर कसंही असलं तरी चालेल. माझंही सुधारलेलं नाही.

आपली,
शाळेसमोरची डीटीपीवाली

ता. क. – मागच्या वर्षीचे तीन पेन ड्राइव्ह अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. एकाला लाल दोरी आहे. कुणाचे ते मला आठवत नाही. ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत.